बोलता ते लिहूनही दाखवा : मराठी वाहिन्यांना आणि चित्रपटनिर्मात्यांना नाशिकहून खुले पत्र

प्रति,
मराठी दूरचित्रवाहिन्यांचे कार्यक्रमप्रमुख आणि मराठी चित्रपटांचे निर्माते-दिग्दर्शक यांस,

स. न. वि. वि.

मी नाशिकचा, बँकेतून निवृत्त झालेला, अडुसष्ट वर्षांचा एक प्रेक्षक आहे. गेली सहा वर्षे मला कमी ऐकू येते. बहिरा म्हणावे इतके नाही. दारावरची बेल ऐकू येते, कुकरची शिट्टी ऐकू येते, भंगारवाल्याची आरोळी तर नको इतकी ऐकू येते. ऐकू येत नाही ते माणसाचे बोलणे, आणि त्यातही तुमच्या पडद्यावरच्या माणसांचे. त्यामुळे आमच्या घरात संध्याकाळी सात ते साडेनऊ या वेळेत सर्वांत जास्त वेळा उच्चारले जाणारे वाक्य 'काय म्हणाली ती?' हे आहे. ते मी म्हणतो. उत्तर माझी पत्नी देते, आणि ती उत्तर देत असताना पुढचे वाक्य तिचेही निसटते.

माझी मागणी एका ओळीत मावणारी आहे. मराठी मालिका आणि मराठी चित्रपट यांतले संवाद पडद्याच्या तळाशी मराठीत, देवनागरी अक्षरांत दिसावेत. ज्यांना नको असतील त्यांना ते बंद करता यावेत. बाकीचे पत्र आहे ते ही मागणी मी का करतो हे सांगण्यासाठी, आणि खरे सांगायचे तर तुमच्या कार्यक्रमांविषयी बरेच दिवस मनात साठलेले थोडेसे बोलून घेण्यासाठी.

वय झाले की कान सगळा एकदम जात नाही. तो वरच्या पट्टीपासून जायला लागतो. कानाच्या डॉक्टरांनी माझ्या कानांचा आलेख समोर धरून हे समजावले तेव्हा मला प्रथमच माझ्या अडचणीचा अर्थ कळला. स्वर खालच्या पट्टीत असतात आणि त्यांत जोर असतो. स, श, फ, थ, ट, क ही व्यंजने मात्र बारीक आणि वरच्या पट्टीतली. स्वर ऐकू येतात, म्हणून कोणीतरी बोलते आहे हे कळते. व्यंजने गळतात, म्हणून काय बोलते आहे ते कळत नाही. मागच्या हिवाळ्यात एका मालिकेतला मुलगा फोनवर 'सातला येतो' म्हणाला आणि मी ते 'आठला येतो' असे ऐकले. तो सातला आला. मला वाटले, तो मुद्दाम तासभर आधी आला, त्याला कोणाचा तरी संशय आहे. पुढचे दोन दिवस मी त्या मालिकेत एक वेगळेच कारस्थान पाहत होतो. लेखकाला सुचले नसेल इतके ते चांगले होते, पण ते मालिकेत नव्हते.

'मग आवाज वाढवा' हे मला आजवर किमान शंभर जणांनी सांगितले आहे. आवाज वाढवला की स्वरही वाढतात, पार्श्वसंगीतही वाढते आणि शेजारच्यांची नाराजीही वाढते. व्यंजने होती तिथेच राहतात. 'मग यंत्र लावा' हा दुसरा सल्ला. यंत्र लावलेले आहे. समोरासमोर बोलताना त्याचा उपयोग होतो. मालिका पाहताना मात्र व्हायोलिन, तबला आणि सासूबाई तिघेही एकदम कानाशी येऊन उभे राहतात आणि यंत्राला त्यांतले नेमके कोण हवे आहे ते कळत नाही.

यात सगळा दोष कानांचाच आहे असेही नाही. चित्रपटगृहात संवादांसाठी पडद्यामागे मधोमध स्वतंत्र ध्वनिक्षेपक असतो, संगीत आणि इतर आवाज बाजूंनी येतात. तोच ध्वनी घरच्या टीव्हीच्या दोन बारक्या स्पीकरांत कोंबला की बोलणे आणि वाजणे एकमेकांवर चढते. शिवाय हल्लीचे चपटे टीव्ही इतके चपटे आहेत की त्यांचे स्पीकर बहुधा खाली जमिनीकडे किंवा मागे भिंतीकडे तोंड करून बसवलेले असतात. म्हणजे नायिका बोलते ती आधी भिंतीशी, आणि भिंतीकडून उरलेले आमच्यापर्यंत पोचते. माझी सून एकतीस वर्षांची आहे, तिचे कान ठणठणीत आहेत, इंग्रजीही चांगले आहे, तरी ती इंग्रजी मालिका खाली इंग्रजी अक्षरे लावूनच पाहते. तिला विचारले तर म्हणाली, 'बाबा, सगळेच तसं बघतात आता.' मला हेवा वाटला.

आता पार्श्वसंगीताविषयी. मी तक्रार करतो आहे ती एखाद्या मालिकेची नव्हे, तर सगळ्यांनी मिळून लावून घेतलेल्या एका सवयीची. पात्राने चहाचा कप खाली ठेवला तरी संगीत. कोणी दारात उभे राहिले तर संगीत. कोणी काहीच बोलले नाही तर जास्तच संगीत, आणि त्याबरोबर तोच चेहरा तीन कोनांतून तीनदा. प्रेक्षकाला काय वाटायला हवे हे त्याला स्वतःहून कळणार नाही, अशी तुमची ठाम समजूत झालेली दिसते. ज्याला शब्द ऐकू येत नाहीत त्याच्यासाठी तर ते संगीत हीच गोष्ट होऊन बसते. माझे तसेच झाले, आणि ते कसे झाले हे जरा सविस्तर सांगतो.

गेल्या वर्षी पत्नी आणि मी मिळून एक उद्योग केला. एका रोजच्या मालिकेचा बावीस मिनिटांचा एक भाग मोबाइलवर लावायचा, एक वाक्य झाले की थांबवायचे, पत्नीने ते मला कानाशी सांगायचे आणि मी ते वहीत लिहून घ्यायचे. तीन संध्याकाळी लागल्या. शीर्षकगीत, 'मागील भागात' आणि संथ गतीने वळणाऱ्या माना वगळल्यावर बावीस मिनिटांचे संवाद साडेआठ पानांत मावले. त्यांत 'म्हणजे?' हा प्रश्न चौदा वेळा आला. 'काय?' नऊ वेळा. एका प्रवेशात तर एक जण 'म्हणजे?' म्हणतो, दुसरा 'म्हणजे काय म्हणजे?' म्हणतो आणि जाहिरात लागते.

पण खरी गंमत पुढेच होती. त्या मालिकेत एक आत्या आहे. ती खोलीत आली की ढोल वाजतो, तिच्या बांगड्यांवर कॅमेरा जातो, आणि बाकीचे सगळे एकमेकांकडे पाहतात. आठ महिने मी तिला खलनायिका समजत होतो. वाडा विकायला तिचा विरोध आहे एवढे मला कळले होते, आणि विरोध का, तर हाव, असे संगीताने मला सांगितले होते. वहीत लिहिताना तिचे वाक्य माझ्यापुढे आले ते असे : 'वाडा विकायचा तर विका, पण आधी सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर पोरीचं नाव लावा. तिची सही झाल्याशिवाय मी कागदाला हात लावणार नाही.' मी बँकेत कर्जविभागात अकरा वर्षे काढली आहेत. २००५ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती होऊन वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला, आणि तरीही बहिणींना बाजूला ठेवून केलेले किती कागद माझ्या टेबलावरून मी परत पाठवले असतील याचा हिशेब नाही. ती आत्या त्या घरातली एकमेव शहाणी बाई होती. लेखकाने तिला शहाणी लिहिले होते, नटीने ते चोख म्हटले होते, आणि नंतर कोणीतरी त्यावर ढोल वाजवला.

हे वाचून दाखवले तेव्हा पत्नी म्हणाली की तिला तर शब्द ऐकू येत होते, तरी तिलाही आत्या वाईटच वाटत होती. यावर मी पुष्कळ विचार केला. संवाद अक्षरांत दिसू लागले तर फायदा केवळ माझ्यासारख्यांचा होणार नाही, लेखकांचाही होईल. वाक्य ढोलाखालून सुटून डोळ्यांपुढे उभे राहील. आणि 'म्हणजे?' चौदा वेळा लिहून दाखवायची वेळ आली की पाचव्या वेळीच कोणाला तरी लाज वाटेल, अशी मला आशा आहे.

पडद्यावर मराठी लिहिणे अवघड आहे, असे म्हणायची तुम्हाला सोय नाही. मराठी वृत्तवाहिन्यांवर दिवसभर काय चालते? खाली एक पट्टी पळते, तिच्यावर दुसरी उभी असते, कोपऱ्यात तिसरी फिरते आणि मधोमध लाल अक्षरांत 'मोठी बातमी' असते. पत्नी माझ्यावर वैतागली की म्हणते, 'तुम्ही बातम्याच बघा, तिथं निदान वाचायला मिळतं.' तेव्हा एका हाताने इतके लिहिणारा हा व्यवसाय दुसऱ्या हाताने बावीस मिनिटांची साडेआठ पाने लिहू शकत नाही, हे माझ्या हिशेबी डोक्याला पटत नाही. ती पाने आधी लिहिलेली असतातच. नटांच्या हातांत ती सकाळी दिलेली असतात. सेटवर बदललेले चार शब्द सुधारून ती वेळेबरहुकूम लावणे एवढेच काम उरते.

चित्रपटांकडे वळतो, कारण तिथली गोष्ट मला अधिक लागते. मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपट पाहायला मी गेलो की अनेकदा खाली अक्षरे असतात. ती इंग्रजी असतात. म्हणजे नट मराठी, गाव मराठी, तिकीट काढणारा मराठी, आणि कान अधू असेल तर त्याने आपल्याच भाषेतला चित्रपट इंग्रजीतून वाचून घ्यायचा. मला इंग्रजी वाचता येते, म्हणून माझे निभते. पण 'काय रे बाबा, कुठं उलथला होतास?' याच्याखाली 'तू कुठे होतास?' एवढ्याच अर्थाचे सपक इंग्रजी वाक्य आले की नटाने मेहनतीने उभा केलेला माणूस तिथेच कोसळतो. माझ्या मोठ्या बहिणीला इंग्रजी येत नाही. ती चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, पंचवटीत राहते, आणि तिने चित्रपटगृहात जाणे सोडून दिले आहे.

आणि हे नाशिकमध्ये घडते याचे मला विशेष वाटते. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरी जन्मले. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली मुंबईत प्रदर्शित झाला आणि त्याच वर्षी ते आपले बिऱ्हाड आणि कारखाना घेऊन नाशिकला आले. 'लंकादहन'सारखे चित्रपट त्यांनी येथे केले आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी ते येथेच गेले. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे. त्यांच्या मूकपटांत नटांचा आवाज नव्हता, म्हणून दृश्यांच्या मध्ये अक्षरांच्या पाट्या असत, आणि समोर बसणारे लोक निरनिराळ्या भाषांचे म्हणून त्या एकाहून अधिक भाषांत असत. म्हणजे भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक म्हणवल्या जाणाऱ्या माणसाला, हाताने फिल्म धुण्याच्या त्या काळात, प्रेक्षकाला कळेल अशा लिपीत शब्द लिहून दाखवणे हे आपले काम वाटले होते. बोलपट आला आणि पाट्या गेल्या, ते ठीकच झाले. पण ऐकू न येणाऱ्या माणसासाठी मूकपट संपलेलाच नाही. त्यातल्या पाट्या तेवढ्या काढून घेतल्या आहेत.

सगळेच चित्रपट मला सारखे अवघड जातात असे नाही. चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' मी पाहिला तेव्हा न्यायालयातले प्रवेश मला जवळजवळ पूर्ण समजले. कारण मजेशीर आहे : तिथे न्यायाधीश घडलेले सगळे टंकलेखनासाठी पुन्हा सावकाश सांगतात, आणि त्या वेळी मागे कोणी व्हायोलिन वाजवत नाही. त्याच चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला, तेव्हा पार्श्वसंगीताशिवायही माणसे चित्रपट पाहतात हे सिद्ध झाले असे मी धरून चालतो. निखिल महाजन यांचा 'गोदावरी' मात्र मला निम्मा ऐकू आला. दोष माझ्या कानांचा. माणसे खऱ्या घरांत बोलतात तशी हलक्या आवाजात बोलत होती, आणि तसेच बोलायला हवे होते. पण तो आमच्या घाटाचा चित्रपट. ज्या पायऱ्यांवर मी लहानपणी पाय घसरून पडलो आणि ज्या पाण्यात वडिलांच्या अस्थी सोडल्या, त्या पाण्याकाठी जितेंद्र जोशी यांचा निशिकांत काय पुटपुटतो आहे, हे मला कळायला हवे होते. त्या भूमिकेसाठी त्यांना २०२१ च्या गोव्यातल्या इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. परीक्षकांनी तो अभिनय अक्षरांच्या मदतीने पाहिला असणार, असा माझा तर्क आहे.

नाटकाचे उदाहरण द्यायचा मोह होतो. कालिदास कलामंदिरात मी अजूनही जातो, पाचव्या-सहाव्या रांगेत बसतो आणि बहुतेक सगळे समजते. कारण रंगभूमीवरच्या नटाला शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत शब्द पोचवायला शिकवलेले असते. पडद्यावरच्या नटाने तसे खणखणीत बोलावे अशी माझी मागणी नाही. कॅमेरा जवळ आल्यावर कुजबुजणे हीच त्या माध्यमाची श्रीमंती आहे. कुजबुजा, अवश्य कुजबुजा, फक्त खाली लिहा.

कायद्याचे म्हणाल, तर मी उपकार मागत नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात इलेक्ट्रॉनिक माध्यमांवरील मजकूर अक्षरांतून, सांकेतिक भाषेतून आणि ध्वनिवर्णनातून (म्हणजे दिसते ते बोलून सांगून) उपलब्ध करून देण्याचे स्पष्ट कलम आहे. माहिती व प्रसारण मंत्रालयाने २०१९ मध्ये दूरचित्रवाणी कार्यक्रमांसाठी आणि मार्च २०२४ मध्ये चित्रपटगृहांतल्या प्रदर्शनासाठी याविषयीची मानके प्रसिद्ध केली. आमच्या शहरात तर २०१३ पासून सेट टॉप बॉक्स आहे. आता सिग्नल डिजिटल झाला, काय वाटेल ते करता येईल, असे तो बसवायला आलेला मुलगा सांगत होता. बारा वर्षे उलटून गेली, रिमोटवर सबटायटलचे बटण आहे. मराठी मालिका लावून ते दाबले तर आमच्याकडे काहीही होत नाही.

(ओघात आले म्हणून : तासाला बारा मिनिटांहून अधिक जाहिराती दाखवू नयेत हा नियमही पुष्कळ जुना आहे. मी घड्याळ लावून मोजायला बसलो होतो, पण कुजबूज ऐकण्यासाठी वाढवलेल्या आवाजात डिटर्जंटची जाहिरात अशी काही फुटली की पत्नीने रिमोट काढून घेतला.)

'अक्षरांनी चित्र बिघडते' असे काही दिग्दर्शक म्हणतील. त्यांच्याशी मी सहमत आहे, म्हणूनच ती बंद करता यावीत असे म्हणतो. मोबाइलवरच्या ॲपमध्ये ही सोय आजच आहे; यादीत बहुधा इंग्रजी असते, मराठी तेवढी नसते. खर्चाविषयी माझे म्हणणे इतकेच की शीर्षकगीतासाठी डोंगरावर ड्रोन उडवणाऱ्या निर्मात्याने हा मुद्दा काढू नये.

आणि वाचणारे आम्ही म्हातारेच असू असे समजू नका. माझा नातू इंग्रजी शाळेत आहे, तिसरीत. मराठी बोलतो फर्डी, वाचतो अडखळत. 'क्ष' दिसला की गाडी थांबते. पण वहीचा तो उद्योग चालू असताना तो माझ्या खांद्यावरून आत्याचे संवाद मोठ्याने वाचत होता आणि तिच्यासारख्या भुवया चढवत होता, कारण पुढे काय होते ते त्याला हवे होते. अहमदाबादच्या आयआयएममध्ये काम केलेले ब्रिज कोठारी नव्वदच्या दशकापासून नेमके हेच सांगत आले आहेत : जी भाषा कानावर पडते त्याच भाषेची अक्षरे डोळ्यांपुढे धरली की माणूस नकळत वाचायला लागतो. १९९९ साली गुजरात दूरदर्शनवर गाण्यांच्या कार्यक्रमात त्यांनी ते करून दाखवले. आमच्या इमारतीत सातपूरच्या कारखान्यात काम करणारे बिहारचे एक कुटुंब आहे. त्या घरातली बाई माझ्या पत्नीबरोबर मालिका पाहून मराठी शिकली. तिला अक्षरे दिसली असती तर आज ती दुकानाच्या पाट्याही वाचू शकली असती. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा तुमच्या सर्व वाहिन्यांवर अभिनंदनाच्या पट्ट्या झळकल्या. त्या मराठीत लिहिलेल्या होत्या आणि मला त्या उत्तम वाचता आल्या.

एकदम सगळे करा असे मी म्हणत नाही. २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, तुम्ही मराठी भाषा गौरव दिनाचे विशेष भाग दाखवता, फेटे बांधून नट येतात, कविता म्हणतात. येत्या २७ तारखेपासून प्रत्येक वाहिनीने आपली एक मालिका निवडावी आणि तिचे रोजचे संवाद मराठीत लिहून दाखवायला सुरुवात करावी. चित्रपट निर्मात्यांनी इंग्रजी अक्षरांच्या प्रतीबरोबर मराठी अक्षरांची एक प्रत करावी आणि आठवड्यातला एक खेळ, दुपारचा चालेल, तिच्यासाठी ठेवावा. आम्हाला दुपारी वेळ असतो. बहिणीला पंचवटीतून रिक्षाने घेऊन यायचे मी कबूल करतो.

ती वही माझ्याकडे आहे. सातव्या पानावर, आत्या जिना उतरता उतरता थोरल्या भावाला काहीतरी सुनावते त्या जागी, दोन शब्द मला कळले नाहीत आणि सहा वेळा लावूनही पत्नीला कळले नाहीत, कारण नेमका तिथेच ढोल आहे. मी जागा मोकळी सोडली आहे. आपल्यापैकी ज्यांच्याकडे त्या भागाची संहिता असेल त्यांनी ते दोन शब्द कृपया कळवावेत.

कळावे,
आपला,
एक प्रेक्षक, नाशिक